बंदी आणि विमा : बिस्मार्कच्या जर्मनीतील कामगार प्रश्न

१८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यातील आरसेमहालात प्रशियाचा राजा पहिला विल्हेल्म याला जर्मन सम्राट, म्हणजे कैसर, म्हणून घोषित करण्यात आले आणि २२ राजसंस्थाने व हॅम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्यूबेक ही तीन स्वतंत्र नगरे मिळून २५ घटकांचे एक संघराज्य युरोपच्या मध्यभागी उभे राहिले. फ्रान्सकडून जिंकलेला आल्सास-लोरेन हा प्रांत त्याला साम्राज्याची सामाईक भूमी म्हणून जोडला गेला. या साम्राज्याची पहिली वीस वर्षे चॅन्सेलर ऑटो फॉन बिस्मार्क याच्या नावाने ओळखली जातात, आणि त्याची युद्धे व मुत्सद्देगिरी यांचा इतिहास पुष्कळदा सांगितला गेला आहे. त्याच्या गृहनीतीतील सर्वांत दूरगामी प्रयोग मात्र कामगारांच्या संदर्भात झाला. एकीकडे कामगारांच्या पक्षावर बारा वर्षे बंदी आणि दुसरीकडे त्याच कामगारांसाठी जगातील पहिली सक्तीची राष्ट्रव्यापी विमायोजना, असे या प्रयोगाचे दुहेरी स्वरूप होते. नागरिकाला संरक्षण देऊन त्याच्या राजकीय हक्काची मागणी मागे टाकता येते काय, हा या प्रयोगाच्या मुळाशी असलेला प्रश्न होता, आणि १८७८ ते १८९० या काळातील घटनांनी त्याचे स्पष्ट उत्तर दिले.

हे उत्तर समजून घेण्यासाठी १८७१ च्या राज्यघटनेची रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे. राइशस्टाग हे साम्राज्याचे लोकनियुक्त सभागृह असून, २५ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक पुरुषाला त्याच्या निवडणुकीत गुप्त मतदानाचा समान हक्क होता. त्या काळच्या ब्रिटनच्या तुलनेत हा मताधिकार अधिक व्यापक होता. कायदे आणि अंदाजपत्रक राइशस्टागच्या संमतीवाचून मंजूर होत नसत. तथापि चॅन्सेलरची नेमणूक आणि बडतर्फी सर्वस्वी सम्राटाच्या हाती होती, त्यामुळे सभागृहाचा विश्वास गमावलेला चॅन्सेलरही सम्राटाची मर्जी असेपर्यंत पदावर राहू शकत असे. राज्यांच्या प्रतिनिधींचे बुंडेसराट हे दुसरे मंडळ होते. त्यातील ५८ मतांपैकी १७ एकट्या प्रशियाची होती आणि घटनादुरुस्ती रोखण्यास १४ मते पुरत असल्यामुळे प्रशियाच्या इच्छेविरुद्ध घटनेत बदल होणे अशक्य होते. खुद्द प्रशियाच्या विधिमंडळासाठी त्रिवर्गीय मताधिकाराची पद्धत होती, म्हणजे मतदारांची त्यांनी भरलेल्या करानुसार तीन वर्गांत विभागणी होत असे. एकूण कराचा एक तृतीयांश हिस्सा भरणाऱ्या मूठभर धनिकांना जेवढे निर्वाचक निवडता येत, तेवढेच निर्वाचक तिसऱ्या वर्गातील बहुसंख्य जनतेच्या वाट्याला येत, आणि मतदानही उघड होत असे. अशा प्रकारे एकाच माणसाला साम्राज्याच्या निवडणुकीत समान मत आणि राज्याच्या निवडणुकीत नाममात्र मत, अशी विसंगती या व्यवस्थेत प्रारंभापासून होती.

ज्या समाजावर ही घटना लागू झाली तो वेगाने बदलत होता. १८७१ मध्ये सुमारे ४ कोटी १० लाख असलेली लोकसंख्या १९१० पर्यंत सुमारे ६ कोटी ५० लाखांवर गेली, बर्लिनची वस्ती सव्वाआठ लाखांवरून वीस लाखांच्या पुढे पोहोचली, आणि पूर्व प्रशियातील जमीनदारांच्या शेतांवर राबणारी कुटुंबे ऱ्हूर खोऱ्यातील कोळसाखाणी, सॅक्सनीतील कापडगिरण्या आणि बर्लिनमधील यंत्रांचे कारखाने यांच्याकडे वळली. गावात आजारी किंवा अपंग माणसाला नातलगांचा, पाद्र्याचा, क्वचित जमीनदाराचा आधार मिळत असे. शहरातील भाड्याच्या खोलीत असा आधार उरला नव्हता. १८७१ च्या दायित्व कायद्यानुसार कारखान्यात अपघात झाल्यास भरपाई मिळण्यासाठी मालकाचा किंवा त्याच्या देखरेख करणाऱ्या नोकराचा दोष कामगारालाच सिद्ध करावा लागे, आणि ज्याचा हात यंत्रात तुटला त्याला न्यायालयात असा पुरावा उभा करणे बहुधा अशक्यच असे. त्यातच १८७३ मध्ये शेअरबाजार कोसळून दीर्घ मंदी सुरू झाल्याने मजुरी घसरली आणि बेकारी वाढली.

या कामगारवर्गातूनच नवी राजकीय शक्ती उदयास आली. फर्डिनंड लासाल याने १८६३ मध्ये लाइपझिग येथे स्थापन केलेला कामगार संघ आणि आउगुस्ट बेबेल व विल्हेल्म लीबक्नेश्ट यांनी १८६९ मध्ये आयझेनाख येथे स्थापन केलेला पक्ष, या दोन प्रवाहांचे १८७५ मध्ये गोथा येथे एकत्रीकरण झाले. पुढे हाच पक्ष सोशल डेमोक्रॅटिक पक्ष म्हणून प्रसिद्ध झाला. व्यवसायाने कातारी असलेला बेबेल हा त्याचा सर्वांत प्रभावी नेता होता. १८७० च्या युद्धात युद्धकर्जाला पाठिंबा नाकारल्यामुळे आणि मे १८७१ मध्ये राइशस्टागमध्ये पॅरिस कम्यूनचे उघड समर्थन केल्यामुळे बिस्मार्कच्या दृष्टीने हा पक्ष राष्ट्राचा शत्रू ठरला होता. त्याच दशकात कॅथलिक चर्चविरुद्ध पुकारलेल्या, 'कुल्टुरकाम्प्फ' म्हणजे संस्कृतिसंघर्ष या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोहिमेत बिस्मार्कने अनेक बिशपांना तुरुंगात टाकूनही कॅथलिकांचा सेंटर पक्ष अधिकच बळकट झाला होता. दडपशाहीने पक्ष वाढतो हा त्या मोहिमेचा धडा होता. समाजवाद्यांबाबत सरकारने तो लक्षात घेतला नाही.

१८७७ च्या निवडणुकीत समाजवाद्यांना सुमारे ४ लाख ९३ हजार मते आणि १२ जागा मिळाल्या. त्यानंतर ११ मे १८७८ रोजी बर्लिनच्या उंटर डेन लिंडेन या राजमार्गावर मॅक्स होडेल नावाच्या तरुणाने सम्राटावर गोळ्या झाडल्या. सम्राटाला इजा झाली नाही आणि होडेलला पक्षाने आधीच काढून टाकले होते. तरीही बिस्मार्कने तातडीने समाजवादविरोधी विधेयक आणले, जे राइशस्टागने २५१ विरुद्ध ५७ मतांनी फेटाळले. एका विशिष्ट मतासाठी नागरिकांच्या एका गटाला सामान्य कायद्याबाहेर ठेवणे उदारमतवाद्यांना त्या वेळी तत्त्वतः अमान्य होते. २ जून रोजी त्याच रस्त्यावर कार्ल नोबिलिंग याने केलेल्या गोळीबारात ८१ वर्षांचा सम्राट गंभीर जखमी झाला. नोबिलिंगचा पक्षाशी संबंध असल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु लोकक्षोभाच्या त्या क्षणाचा उपयोग करून बिस्मार्कने राइशस्टाग विसर्जित केले, आणि जुलैअखेरच्या निवडणुकीत राष्ट्रीय उदारमतवाद्यांचे बळ घटून पुराणमतवाद्यांचे वाढल्यानंतर, १९ ऑक्टोबर १८७८ रोजी २२१ विरुद्ध १४९ मतांनी नवे विधेयक संमत झाले. मे महिन्यात कायद्याच्या समानतेचा आग्रह धरणाऱ्या राष्ट्रीय उदारमतवादी पक्षाने ऑक्टोबरमध्ये तोच आग्रह सोडला. जर्मन उदारमतवादाच्या नैतिक अधिकाराला बसलेला हा तडाखा पुढे कधीही पुरता भरून निघाला नाही.

या कायद्याने प्रस्थापित राज्य व समाजव्यवस्था उलथवू पाहणाऱ्या संघटना, सभा आणि प्रकाशने यांवर बंदी घालण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. शिवाय 'छोटा वेढा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीनुसार एखाद्या शहरात विशेष स्थिती जाहीर करून तेथील कोणालाही खटल्याशिवाय हद्दपार करता येत असे. ही स्थिती १८७८ मध्ये बर्लिनमध्ये, १८८० मध्ये हॅम्बुर्गमध्ये आणि १८८१ मध्ये लाइपझिगमध्ये लागू झाली. हद्दपारीचा आदेश मिळालेल्या कामगाराला मुलाबाळांसह दुसऱ्या गावी काम शोधावे लागे, आणि पोलिसांच्या सूचनेमुळे तेथील मालकही त्याला दारात उभा करत नसे. बारा वर्षांत सुमारे ९०० जणांना हद्दपारी आणि सुमारे १,५०० जणांना तुरुंगवास भोगावा लागला. त्यांच्या शिक्षांची बेरीज सुमारे एक हजार वर्षे होते. राइशस्टागने मात्र दोन मर्यादा राखल्या होत्या. कायद्याची मुदत प्रथम अडीच वर्षांचीच ठेवण्यात आल्याने तो वारंवार सभागृहापुढे आणावा लागे, आणि उमेदवार म्हणून उभे राहण्याचा व निवडून आल्यास सभागृहात बोलण्याचा समाजवाद्यांचा हक्क काढून घेण्यात आला नाही.

या फटीतूनच पक्ष जगला. सभागृहाच्या उघड बैठकींतील भाषणांचे यथातथ्य वृत्तांत छापण्यास राज्यघटनेचे संरक्षण असल्यामुळे, जे विचार पत्रकात छापणे गुन्हा होते तेच बेबेलने राइशस्टागमध्ये मांडले की कायदेशीर वाचनसाहित्य बनत. निवडणुकीच्या काळात उमेदवाराच्या निमित्ताने विखुरलेले कार्यकर्ते एकत्र येत. एरवी गायन मंडळे, धूम्रपान मंडळे, आजारी कामगारांसाठीचे मदतनिधी अशा निरुपद्रवी रूपांत संघटना चालू राही, आणि एखाद्या नेत्याची अंत्ययात्रा हीच हजारोंची मूक सभा ठरे. 'डेर सोझिअलडेमोक्राट' हे पक्षाचे मुखपत्र सप्टेंबर १८७९ पासून स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे छापले जात होते. युलियुस मोटेलर याने उभारलेल्या, 'लाल टपाल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुप्त यंत्रणेतून त्याचे गठ्ठे सीमेपार नेऊन जर्मनीतील शहरांत पोहोचवले जात. १८८१ पासून एडुआर्ड बर्नस्टाइन त्याचा संपादक होता. पक्षाची अधिवेशने देशाबाहेर, १८८० मध्ये स्वित्झर्लंडमधील वीडेन येथे, १८८३ मध्ये कोपनहेगन येथे आणि १८८७ मध्ये सेंट गालेन येथे झाली. हद्दपार झालेले कार्यकर्ते ज्या नव्या गावी गेले तेथे पक्षाचे बीज पोहोचले. १८८१ मध्ये सुमारे ३ लाख १२ हजारांपर्यंत घसरलेली मते १८८४ मध्ये साडेपाच लाखांवर आणि १८८७ मध्ये साडेसात लाखांच्या पुढे गेली.

केवळ बंदीने काम भागणार नाही याची जाणीव बिस्मार्कला होती. १७ नोव्हेंबर १८८१ रोजी राइशस्टागपुढे वाचलेल्या सम्राटाच्या संदेशात, सामाजिक व्याधींवरचा उपाय केवळ दडपणुकीत शोधता येणार नाही, कामगारांचे कल्याणही साधले पाहिजे, अशी भूमिका घेण्यात आली. ज्याला वृद्धापकाळी राज्याकडून निर्वाहवेतन मिळणार आहे त्याला राज्य टिकावे असे वाटेल, हा बिस्मार्कचा हिशोब होता. फ्रान्समध्ये राजदूत असताना तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीकडून त्याने हा धडा घेतला होता. त्याच्या भूमिकेत ख्रिस्ती राजसत्तेच्या पालकत्वाची जुनी प्रशियन कल्पनाही होती, आणि खाणकामगारांच्या शतकानुशतके चालत आलेल्या सहायता निधींचे उदाहरणही समोर होते. मदत थेट राज्याच्या तिजोरीतून यावी म्हणजे कामगार उपकृत राहील, असा त्याचा आग्रह होता. त्यासाठी लागणारा पैसा तंबाखूच्या सरकारी मक्तेदारीतून उभा करण्याची त्याची योजना राइशस्टागने १८८२ मध्ये फेटाळली. अपघात विम्याच्या पहिल्या विधेयकातील राज्याच्या अनुदानाची तरतूदही सभागृहाने वगळली, आणि सामाजिक प्रश्नावरील त्याचा प्रमुख सल्लागार टेओडोर लोमान हा मतभेदांमुळे त्याच्यापासून दूर झाला. म्हणूनच प्रत्यक्षात आलेले कायदे बिस्मार्कच्या मूळ आराखड्यापेक्षा बरेच वेगळे होते.

१५ जून १८८३ च्या आजारविमा कायद्यानुसार वर्गणीचा दोन तृतीयांश भाग कामगाराने आणि एक तृतीयांश भाग मालकाने भरायचा होता, आणि आजारी कामगाराला औषधोपचाराबरोबरच तिसऱ्या दिवसापासून निम्मी मजुरी, जास्तीत जास्त १३ आठवडे, मिळत असे. पुढची जबाबदारी ६ जुलै १८८४ च्या अपघात विमा कायद्याने उचलली. त्याचा संपूर्ण खर्च मालकांच्या व्यवसायवार संघांवर होता आणि पूर्ण अपंगत्व आल्यास दोन तृतीयांश मजुरी मिळत असे. दोष कोणाचा हा प्रश्नच त्याने बाद केला, आणि हीच या कायद्यातील खरी क्रांतिकारक गोष्ट होती. २२ जून १८८९ च्या तिसऱ्या कायद्याने अपंगत्व व वृद्धत्व यांसाठी निर्वाहवेतन सुरू झाले. त्यात कामगार आणि मालक समान वर्गणी भरत आणि राज्य प्रत्येक निर्वाहवेतनात दरवर्षी ५० मार्कांची भर घालत असे. वृद्धापकाळाचे निर्वाहवेतन वयाच्या ७० व्या वर्षापासून मिळणार होते. बालमृत्यूंमुळे जन्माच्या वेळचे सरासरी आयुर्मान त्या काळी पुरुषांच्या बाबतीत ४० वर्षांहूनही कमी होते, आणि प्रौढ वयापर्यंत पोहोचलेल्या कामगारांपैकीही थोडेच सत्तरी गाठत. त्यामुळे या कायद्याचा खरा लाभ अकाली अपंग झालेल्यांना झाला. १८८५ मध्ये आजारविम्याच्या कक्षेत सुमारे ४३ लाख लोक होते. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर ही संख्या दीड कोटीच्या जवळ गेली.

या कायद्यांच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. कामाचे तास, रविवारची सुट्टी, स्त्रिया व मुलांच्या कामावरील निर्बंध आणि कारखान्यांची कडक तपासणी या गोष्टींना बिस्मार्कने अखेरपर्यंत विरोध केला, कारण कारखान्याच्या आत मालकाच्या अधिकारात राज्याने हात घालू नये असे त्याचे मत होते. अपघात झाल्यावर भरपाई देण्यास राज्य तयार होते, पण अपघात टाळण्यासाठी मालकावर बंधन घालण्यास तयार नव्हते. शेतमजूर आणि घरगुती नोकर यांचा मोठा वर्ग आजारविम्याच्या सर्वसाधारण सक्तीबाहेर दीर्घकाळ राहिला, आणि कामगारांच्या विधवांना निर्वाहवेतनाचा हक्क मिळण्यास १९११ साल उजाडावे लागले. समाजवादी प्रतिनिधींनी या तिन्ही कायद्यांविरुद्ध मतदान केले. ज्या हातांनी हद्दपारीचे आदेश लिहिले त्याच हातांचे दान त्यांना नको होते. पण कायदे अमलात आल्यावर त्यांची भूमिका बदलली. आजारविमा निधीच्या व्यवस्थापनात वर्गणीच्या प्रमाणात दोन तृतीयांश जागा कामगारांच्या होत्या, आणि बंदीच्या काळात हिशेब ठेवणे, सभा चालवणे, नियम वाचून त्यांचा अर्थ लावणे ही कामे कामगार कार्यकर्ते अनेक ठिकाणी या निधींतच शिकले. पुढे जर्मन प्रजासत्ताकाचा पहिला अध्यक्ष झालेला फ्रीडरिश एबर्ट हा खोगीर बनवणारा कारागीर १९०० पासून ब्रेमेनमध्ये कामगार सचिव होता, आणि विम्याच्या दाव्यांबाबत कामगारांना सल्ला देणे हा त्याच्या कामाचा नित्याचा भाग होता.

बिस्मार्कच्या प्रयोगाची कसोटी १८८९ मध्ये लागली. मे महिन्यात राइशस्टाग वृद्धत्व विम्यावर मतदान करीत असतानाच ऱ्हूर खोऱ्यातील सुमारे ९० हजार खाणकामगार संपावर होते. खाणीत उतरण्या-चढण्याचा वेळ धरून आठ तासांची पाळी आणि वाढीव मजुरी या त्यांच्या मागण्या होत्या. त्यांपैकी बहुतेकांचा समाजवादी पक्षाशी संबंध नव्हता आणि अनेक जण श्रद्धाळू कॅथलिक होते; आपले गाऱ्हाणे सम्राट ऐकेल असा त्यांना विश्वास वाटत होता. ज्यांच्यासाठी विमा होता त्यांना त्या क्षणी पाळीच्या तासांवर बोलण्याचा हक्क हवा होता. आदल्या वर्षी गादीवर आलेल्या दुसऱ्या विल्हेल्मने त्यांच्या शिष्टमंडळाची भेट घेतली आणि कामगार संरक्षणाचे कायदे करण्याचे ठरवले, तर बिस्मार्कला समाजवादविरोधी कायदा कायमचा करायचा होता. राष्ट्रीय उदारमतवादी हद्दपारीचे कलम वगळण्याच्या अटीवर तयार होते. बिस्मार्कने तडजोडीचा संकेत दिला नाही, म्हणून पुराणमतवाद्यांनीही सौम्य मसुद्याविरुद्ध मत दिले, आणि २५ जानेवारी १८९० रोजी १६९ विरुद्ध ९८ मतांनी विधेयक पडले. २० फेब्रुवारीच्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटांना १४ लाख २७ हजार मते, म्हणजे जवळजवळ २० टक्के मते मिळाली आणि मतसंख्येने तो साम्राज्यातील सर्वांत मोठा पक्ष ठरला. मार्चमध्ये बिस्मार्कला पद सोडावे लागले, आणि ३० सप्टेंबर १८९० रोजी समाजवादविरोधी कायदा संपुष्टात आला. १८९१ च्या कायद्याने कारखान्यांतील रविवारचे काम सामान्यतः बंद झाले, स्त्रियांसाठी कामाची मर्यादा ११ तास ठरली आणि १३ वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास मनाई झाली.

तरीही घटनेतील मूळ विसंगती तशीच राहिली. १८९० मध्ये सोशल डेमोक्रॅटांपेक्षा कमी मते मिळवूनही सेंटर पक्षाला १०६ जागा मिळाल्या आणि सोशल डेमोक्रॅटांना ३५. कारण वाढत्या शहरांच्या मतदारसंघांची फेररचना करण्यास सरकार तयार नव्हते. प्रशियात १९०८ च्या निवडणुकीत या पक्षाला जवळजवळ चौथा हिस्सा मते पडली आणि ४४३ पैकी केवळ ७ जागा मिळाल्या. पक्षाची आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठा मात्र वाढत गेली. १९०७ मध्ये त्याच्या यजमानपदाखाली श्टुटगार्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मुंबईत जन्मलेल्या मादाम भिकाजी कामा यांनी हिंदी स्वातंत्र्याचा ध्वज फडकावला. १९१२ मध्ये सुमारे साडेबेचाळीस लाख मते आणि ११० जागा मिळवून सोशल डेमोक्रॅट राइशस्टागमधील सर्वांत मोठा पक्ष बनले, परंतु सरकार बनवण्याचा किंवा पाडण्याचा अधिकार या सभागृहाला नव्हताच. आल्सासमधील झाबेर्न गावात लष्कराने नागरिकांवर केलेल्या मनमानीबद्दल डिसेंबर १९१३ मध्ये राइशस्टागने चॅन्सेलर बेथमान-होल्वेग याच्याविरुद्ध २९३ विरुद्ध ५४ मतांनी अविश्वास व्यक्त केला, तरीही तो पदावर कायम राहिला. चॅन्सेलरला राइशस्टागचा विश्वास आवश्यक करणारी घटनादुरुस्ती ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस झाली, आणि तेव्हा युद्ध हरले गेले होते, उपासमारीने लोक त्रासले होते व राजसत्तेचे अवघे काही दिवस उरले होते.

बिस्मार्कचे विमाकायदे हे मानवी कल्याणाच्या इतिहासातील थोर पाऊल होते, आणि ते उचलण्यामागचा हेतू सत्तारक्षणाचा होता म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही. अपघात, आजार आणि म्हातारपण ही व्यक्तीच्या नशिबाची बाब नसून समाजाची सामाईक जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यांनी प्रथम एका मोठ्या औद्योगिक राष्ट्राच्या कायद्यात आणले. पण हक्काची जागा दान घेऊ शकत नाही, ही गोष्टही त्याच बारा वर्षांनी सिद्ध केली. कामगाराने निर्वाहवेतन स्वीकारले आणि मत मात्र स्वतःच्या पक्षालाच दिले, कारण त्याला सुरक्षिततेइतकीच राज्यकारभारातील वाट्याचीही गरज होती. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी कैसरचे साम्राज्य कोसळले. त्याच्या सरकारने सुरू केलेली विमाव्यवस्था प्रजासत्ताकाने पुढे चालवली, आणि अनेक फेरबदलांसह ती आजही जर्मनीत चालू आहे.